हिरवळीखालचं पाणी: रिसॉर्टमधला पार्कलँड गोल्फ कोर्स आतून कसा असतो

शहरापासून लांब एखाद्या हॉटेल-रिसॉर्टला गेलं की खोलीच्या खिडकीतून जो गोल्फ कोर्स दिसतो ना, लांबच लांब हिरवळ, मधेमधे जुनी डेरेदार झाडं, एखादं तळं, पांढऱ्या वाळूचे खड्डे, तो बघून बहुतेकांना वाटतं की जागाच मुळात अशी देखणी असणार, हॉटेलवाल्यांनी फक्त गवत कापलं आणि झेंडे रोवले. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण या कोर्सबद्दल जसजसं वाचत गेलो तसतशी एक गोष्ट पक्की होत गेली की तिथे जे दिसतं त्यातलं जवळजवळ सगळं एकाच प्रश्नाभोवती उभं आहे, पडलेलं पाणी जाणार कुठे? हा एक प्रश्न मनात धरून कोर्सवर फिरलं की तळं नेमकं तिथेच का, ग्रीन (भोकाभोवतीचा अगदी आखूड गवताचा भाग) आजूबाजूपेक्षा उंच का, पावसानंतर बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) बंद का, सगळ्याची संगती लागायला लागते. त्यामुळे इथे शॉट कसा मारायचा हे फारसं नाही, जमीन कशी चालते ते जास्त आहे.

आधी शब्दाचं बघू. गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या जमिनीवर, तिला लिंक्स म्हणतात. समुद्र आणि शेती यांच्या मधला रेताड पट्टा, वाऱ्याने उठवलेले वाळूचे उंचवटे, बारीक चिवट गवत, झाड जवळजवळ नाहीच. वाळू असल्यामुळे पाऊस पडला की पाणी भराभर मुरतं आणि जमीन लगेच परत कडक होते, म्हणजे निचरा निसर्गानेच करून दिलेला. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स त्यातला सगळ्यात नावाजलेला, १८ होलचा आकडाही तिथलाच (होल म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या टीपासून ग्रीनवरच्या भोकापर्यंतचा एक टप्पा), १७६४ साली तिथे २२ चे १८ केले आणि पुढे तेच सगळीकडे रुळलं. पार्कलँड म्हणजे याच्या बरोब्बर उलटं. समुद्रापासून आतली जागा, खाली चिकणमाती किंवा पोयटा, वर दाट मऊ गवत, मोठी झाडं, ओढे, तळी. या जमिनीत कस भरपूर, गवत जोमाने येतं, पण पाणी सोडायचं म्हटलं की ती हटून बसते. शेतीतली माणसं ज्याला चिबड म्हणतात तशी अवस्था व्हायला दोन दिवसांचा पाऊस पुरतो.

हा पार्क शब्द बागेतला नाही बरं का. इंग्लंडमधल्या जहागिरदारांच्या वाड्यांभोवती जी शेकडो एकर मोकळी राखीव जमीन असायची, त्याला पार्क म्हणायचे. अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन (१७१६ ते १७८३, 'केपेबिलिटी' ब्राउन या नावाने जास्त ओळखला जातो) या माणसाने असले कितीतरी पार्क घडवले आणि त्याची पद्धत आजही कुठल्याही रिसॉर्ट कोर्सवर उभं राहिलं की ओळखू येते: वाड्याच्या दारापर्यंत आलेलं गवत, मधेच झाडांचे झुपके, हलके चढउतार आणि ओढा अडवून केलेलं वळणदार तळं. तिथल्या ब्लेनहाइम वाड्याचं प्रसिद्ध तळं त्याने ग्लाइम नदी अडवूनच तयार केलंय. म्हणजे ज्या देखाव्याला आपण नैसर्गिक म्हणतो तो अडीचशे वर्षांपूर्वीच माणसाने मुद्दाम रचलेला होता, गोल्फ तिथे नंतर आला.

आणि नंतर का आला तर गवतामुळे. लिंक्सवरचं गवत खारा वारा, ससे आणि मेंढ्या मिळून आखूड ठेवायचे, आतल्या सुपीक जमिनीवर उन्हाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढणार, त्यात चेंडू सापडणार कसा? १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने गवत कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं, कल्पना त्याला कापडगिरणीत कापडावरचे उठलेले धागे छाटणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. हे मशीन सुधारत गेलं, मग आतल्या भागात कोर्स होऊ लागले. हॉटेलची जोड बरीचशी रेल्वेने दिली, लोकांनी गाडीने लांब यावं म्हणून रेल्वे कंपन्यांनीच गोल्फसकट मोठी हॉटेलं बांधली, स्कॉटलंडमधलं ग्लेनईगल्स त्यातलंच, तिथला किंग्ज कोर्स १९१९ चा आणि हॉटेल १९२४ चं. दुसरीकडे महायुद्धांनंतर जुन्या घराण्यांना ते प्रचंड वाडे सांभाळणं परवडेना, काही वाड्यांची हॉटेलं झाली, भोवतीची जमीन तयारच होती. पण सगळीच उदाहरणं अशी वाड्याची नाहीत. इंग्लंडमधल्या द बेल्फ्री या रिसॉर्टचा ब्राबाझोन कोर्स १९७७ साली सुरू झाला, पीटर ॲलिस आणि डेव्ह थॉमस यांनी आखलेला, आणि त्याआधी तिथे बटाट्याची सपाट शेतं होती. त्याच जागेवर पुढे चार वेळा रायडर कप, म्हणजे युरोप आणि अमेरिका यांच्या संघांमधली स्पर्धा, झाला. माझ्या मते नवख्या माणसाला समजावायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तिथलं झाड, पाणी, उंचवटा, बरंचसं माणसाने आणून बसवलेलं आहे.

आता पाण्याकडे येऊ. १८ होलना साधारण १२० ते १५० एकर जागा लागते. एवढ्या चिकणमातीवर पाऊस पडला तर तो मुरत नाही, वरून वाहतो किंवा खोलगट भागात साचतो. म्हणून आखणी करणारा पहिल्यांदा उतार वाचतो, पाणी आत्ता कुठून कुठे जातंय ते नकाशावर काढतो, आणि सगळ्यात सखल जागी तळं घेतो. तळं खणताना जी माती निघते ती टाकायला बाहेर नेत नाहीत, तिचेच ग्रीनचे आणि टीचे उंचवटे करतात, फेअरवेला, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्या मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, ढाळ देतात. फेअरवेच्या पोटात चर खणून त्यात भोकाभोकांचे पाइप आणि खडी भरतात, ते पाइप जाऊन तळ्याला मिळतात, आणि तेच साठलेलं पाणी कोरड्या दिवसांत पंपाने स्प्रिंकलरला. म्हणजे एकाच तळ्याने निचरा घेतला, माती दिली, सिंचन दिलं आणि वर खेळणाऱ्याला घाबरवायचंही काम केलं. खेळणारा फक्त शेवटचं बघतो. लाल किंवा पिवळे खुंट दिसले की तो पेनल्टी एरिया, तिथे पाण्यात चेंडू गेला तर एक स्ट्रोक (फटका) दंड घेऊन बाहेर ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून जमिनीवर सोडायचा, लाल खुंट असले तर बाजूला ड्रॉप करायचा एक जास्तीचा पर्याय मिळतो, एवढं लक्षात ठेवलं तरी रिसॉर्टवरच्या पहिल्या राउंडला पुरे.

सगळी व्यवस्था करूनही पाणी कधीकधी जिंकतं. २०१० चा रायडर कप वेल्समधल्या सेल्टिक मॅनॉर रिसॉर्टवर होता, अस्क नदीच्या खोऱ्यातला कोर्स, खास या स्पर्धेसाठी तयार केलेला. पहिल्याच दिवशी असा पाऊस झाला की खेळ तासन्‌तास थांबला आणि शेवटी रविवारी संपणारी स्पर्धा सोमवारी संपवावी लागली, रायडर कपच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.

कोर्सवरची सगळ्यात महागडी आणि नाजूक जागा म्हणजे ग्रीन, आणि तिच्या पोटात काय आहे ते कळलं तेव्हा मला खरंच फार आनंद झाला होता, म्हणून जरा सावकाश सांगतो. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने, म्हणजे यूएसजीएने, १९६० मध्ये ग्रीन कसं बांधायचं याची एक पद्धत छापली, ती सुधारत सुधारत आजही वापरतात. सगळ्यात खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी, आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर निवडलेल्या वाळूचं मिश्रण, ज्यात गवताची मुळं वाढतात. म्हणजे आतल्या चिकणमातीच्या मुलखात प्रत्येक ग्रीनखाली एक छोटी लिंक्स पुरलेली असते. पण आता अडचण अशी की वाळू पाणी धरत नाही, मग गवत उन्हात मरेल ना? इथेच त्या खडीची गंमत आहे. भिजलेला स्पंज हातात आडवा धरा, थोडं पाणी ठिबकतं आणि मग थांबतं, पण स्पंजचा खालचा भाग ओलाच राहतो, कारण बारीक छिद्रं पाण्याला धरून ठेवतात आणि खाली नुसती हवा असली की त्याला ओढून घेणारं काही नसतं. वाळू बारीक आणि खडी जाड, त्यामुळे पाणी वाळूच्या तळाशी असंच लटकून राहतं, खडीत उतरत नाही. वरून जास्त पाऊस आला, वजन वाढलं, की मात्र जादाचं पाणी सुटतं आणि खडीतून पाइपात जातं. म्हणजे दुष्काळात मुळांना ओल आणि पावसात निचरा, दोन्ही एकाच रचनेत, कुठलंही बटण नाही. शेतकरी वाफसा येण्याची वाट बघतो, इथे वाफसा बांधकामातच बसवलाय असं म्हटलं तरी चालेल. काही श्रीमंत कोर्स याच्याही पुढे जातात, अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलला ग्रीनखालच्या पाइपांना पंप जोडलेत जे पाणी खालून शोषून घेतात आणि गरज पडली तर उलट हवाही सोडतात. आयर्लंडमधलं अडेर मॅनॉर, जिथला कोर्स टॉम फाझियोने नव्याने करून २०१८ मध्ये उघडला, तिथेही ग्रीनखाली अशीच यंत्रणा आहे.

गवताच्या उंचीचं गणित त्यामानाने सोपं आहे. ग्रीनवर गवत ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढं, फेअरवेवर साधारण १० ते १५, आणि रफमध्ये, म्हणजे बाजूच्या वाढू दिलेल्या गवतात, ५ सेंटिमीटर किंवा जास्त. थंड प्रदेशात ग्रीनला बेंटग्रास, फेस्क्यू असली गवतं लावतात, उष्ण प्रदेशात बर्म्युडा ग्रास. आणि हे बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, तीच दूर्वा! शेतात जिला मुळासकट खणून फेकतात तिच्याच बारीक पानांच्या संकरित जाती मोठमोठ्या कोर्सच्या ग्रीनवर असतात, कारण कितीही कापा, तुडवा, ती परत फुटते. ग्रीन किती वेगवान हे मोजायलाही साधन आहे, स्टिंपमीटर, एक ३६ इंची खाचेची पट्टी, तिच्यावर चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं, ठराविक कोन झाला की चेंडू आपोआप सुटतो आणि ग्रीनवर किती फूट जातो ते मोजायचं. एडवर्ड स्टिंपसन नावाच्या माणसाने १९३५ ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा बघून ही कल्पना काढली, त्याला तिथली ग्रीन अवाजवी वेगवान वाटली होती, आणि यूएसजीएने ते वापरात आणलं १९७८ मध्ये. रिसॉर्टवर मुद्दाम वेग मध्यम ठेवतात, आठ-नऊ-दहा फुटांच्या आसपास, कारण पाहुण्यांना एकेका ग्रीनवर चार-चार पट, म्हणजे पटर या काठीने मारायचे हलके फटके, मारायला लागले की मागची सगळी रांग अडकते.

झाडांबद्दल मात्र माझं मत जरा ठाम आहे. पार्कलँड म्हणजे झाडं हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की एक झाड काढायचं म्हटलं तरी सभासद आणि पाहुणे दोघंही चिडतात, आणि ते समजण्यासारखं आहे, जुनं ओकचं झाड परत मिळत नाही. पण ग्रीनच्या पूर्वेला दाट झाडी असली की सकाळचं कोवळं ऊन अडतं, दव उशिरापर्यंत सुकत नाही, वारा खेळत नाही, आणि ओलसर सावलीतल्या तीन मिलिमीटर गवतावर बुरशी चढायला एवढं पुरतं. मुळं वेगळीच, ती पाणी पळवतात आणि निचऱ्याच्या पाइपात शिरून ते बुजवतात. अमेरिकेतल्या ओकमाँटची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे, १९०३ साली स्थापन झालेल्या क्लबचा उघड्या माळावरचा कोर्स, विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे सुशोभीकरणासाठी हजारो झाडं लावली, आणि शतकाच्या शेवटापासून पुढे कोर्स मूळ रूपात यावा आणि गवत सुधारावं म्हणून हजारो काढून टाकली. याउलट ऑगस्टाच्या १७ व्या होलवरचं एकच पाइनचं झाड इतकं गाजलं की त्याला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव पडलं, त्यांचे शॉट त्याच्यावर आपटायचे आणि ते काढा अशी त्यांची मागणी होती. क्लबने ऐकलं नाही, झाड गेलं ते २०१४ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळाने. मला विचाराल तर फेअरवेच्या वळणावरचं एक एकटं मोठं झाड पन्नास दाट झाडांपेक्षा जास्त काम करतं, ते शॉट ठरवायला लावतं आणि गवताला श्वासही घेऊ देतं.

या सगळ्याचा खेळण्यावर परिणाम काय, तर लिंक्सवर जमीन कडक म्हणून चेंडू खालून घरंगळवत नेता येतो, पार्कलँडवर तो हवेतून न्यावा लागतो. उंच मारलेला चेंडू मऊ ग्रीनवर पडून तिथल्या तिथे थांबतो, म्हणून नवख्यांना इथली ग्रीन सोपी वाटतात. पण फेअरवेवर मात्र पडल्यावर चेंडूला पळ मिळत नाही, त्यामुळे कागदावर लिहिलेलं अंतर इथे खरोखर तेवढंच, किंबहुना जास्त वाटतं. ओल्या दिवसांत चेंडू पडतो तिथेच मातीत रुततो, तेव्हा घाबरायचं कारण नाही, २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणे फेअरवे असो की रफ, आपल्याच शॉटने केलेल्या खड्ड्यात चेंडू रुतला तर दंड न घेता उचलून शेजारी ड्रॉप करता येतो. हरवलेला चेंडू शोधायला मात्र आता तीनच मिनिटं आहेत, पूर्वी पाच होती.

रिसॉर्टचा कोर्स आणि क्लबचा कोर्स यात फरक हा की क्लबचा माणूस तोच कोर्स वर्षातून शंभर वेळा खेळतो आणि रिसॉर्टचा पाहुणा आयुष्यात पहिल्यांदा, कदाचित एकदाच. त्याला पुढे काय आहे ठाऊक नसतं. म्हणून चांगल्या रिसॉर्ट कोर्सवर फेअरवे रुंद असतात, धोका टीवरूनच दिसेल असा ठेवलेला असतो आणि एकेका होलला चार-पाच टी असतात. इथे बहुतेक पाहुणे एक चूक करतात, सगळ्यात मागच्या टीवरून खेळतात, पैसे भरलेत तर पूर्ण कोर्स खेळू म्हणून, आणि मग प्रत्येक पार ४ ला (चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत संपवावं अशा होलला) तीन शॉट मारूनही ग्रीन दिसत नाही. पुढची टी घ्या. कोर्स मोठ्या स्पर्धेसाठी आखलेला असला तरी पुढच्या टीवरून तो अगदी खेळण्याजोगा असतो.

स्कोअरकार्डवरचे आकडे बघून लोक बिचकतात, ते इतके अवघड नाहीत. बहुतेक ठिकाणी पार ७२, त्यात साधारण चार होल पार ३ चे, दहा पार ४ चे आणि चार पार ५ चे. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या दर्जाप्रमाणे त्याला मिळणारी फटक्यांची सवलत. कोर्स रेटिंग म्हणजे हँडिकॅप शून्य असलेल्या खेळाडूला तिथे किती लागतील त्याचा अंदाज. स्लोप म्हणजे सामान्य खेळाडूला तो कोर्स त्या शून्य हँडिकॅपवाल्याच्या तुलनेत किती जास्त छळतो, ५५ ते १५५ मधला आकडा, ११३ म्हणजे मध्यम. समजा तुमचा हँडिकॅप इंडेक्स १८ आहे, त्या टीचा स्लोप १३०, रेटिंग ७१ आणि पार ७२. १८ ला १३० ने गुणून ११३ ने भागा, आले २०.७, त्यात रेटिंग वजा पार म्हणजे उणे १ मिळवा, १९.७, म्हणजे त्या कोर्सवर तुम्हाला २० स्ट्रोक सवलत. प्रत्येक होलला एक आणि कार्डवर ज्यांच्यापुढे स्ट्रोक इंडेक्स १ आणि २ लिहिलंय त्या अवघड मानलेल्या दोन होलना दोन-दोन. ही पद्धत २०२० पासून जगभर एकच केलीय, त्यामुळे कुठल्याही देशातला पाहुणा आपला हँडिकॅप घेऊन येऊ शकतो.

आणि गटात निरनिराळ्या दर्जाची माणसं असली तर स्टेबलफर्ड खेळा, हे मी प्रत्येकाला सांगतो. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरांनी काढलेली पद्धत, १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर पहिल्यांदा त्याची स्पर्धा झाली. सवलत धरून पार केला तर २ गुण, बर्डीला (पारपेक्षा एक फटका कमी) ३, बोगीला (एक जास्त) १, आणि त्याहून वाईट झालं तर शून्य. शून्य झाल्यावर चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलला जायचं. एका तळ्यात चार चेंडू गेले तरी दिवस खराब होत नाही आणि मागची माणसंही ताटकळत नाहीत.

काही दिवस कोर्सवाले नाही म्हणतात आणि पाहुण्यांना राग येतो. दहिवर पडून गवत गोठलेलं असताना त्यावर चाललं की पानातलं गोठलेलं पाणी पेशी फोडतं, त्या क्षणी काही दिसत नाही, ऊन आल्यावर पावलांचे काळपट ठसे उमटतात आणि ते बरेच दिवस राहतात. पावसानंतर बग्गी बंद ठेवतात कारण ओल्या चिकणमातीवर चाक गेलं की मातीतल्या हवेच्या पोकळ्या चेपतात आणि एवढ्या खर्चाने बसवलेल्या पाइपापर्यंत पाणी पोचायची वाटच बंद होते. आणि वर्षातून एक-दोनदा ग्रीनला मशीनने हजारो भोकं पाडून मातीचे छोटे कांडके बाहेर काढतात, वर वाळू पसरतात, तेव्हा आठ-पंधरा दिवस चेंडू उड्या मारत जातो, म्हणून बुकिंग करायच्या आधी फोन करून तेवढं विचारून घ्या.

ग्रीनवर तुमचा उंच शॉट पडला की एक खळगा होतो, तो पिच मार्क. तो दुरुस्त करताना बरेच जण छोटा काटा आत खुपसून तळाची माती वर उचकटतात, त्याने मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग राहतो. काटा खळग्याच्या कडेला घालायचा, कडेचं गवत मधल्या बाजूला ढकलायचं, असं चारी बाजूंनी करायचं आणि मग पटरने किंवा बुटाने हलकं दाबायचं. दहा सेकंदांचं काम आहे, लगेच केलं तर जागा लवकर भरून येते. तुमचा झाला की शेजारी अजून एखादा दिसेल, तोही करून टाका.